अडीच किलोंच्या मुलखात

प्रवासाला निघताना माणसं चिवडा घेतात, लोणचं घेतात. मी दोन किलोचं लोखंडी वजन घेतलं. वाण्याच्या तराजूत असतं तसलं, षटकोनी, सरकारी शिक्का मारलेलं. आमच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडून चार दिवसांच्या बोलीवर मागून आणलं होतं. नवरा म्हणाला, "वाशिमला वजनं मिळत नाहीत का?" म्हटलं, "मिळतात. पण मला माझ्या खात्रीचं हवं." तेहतीस वर्षं आकड्यांत घालवलेल्या बाईशी कोण वाद घालणार? त्यानं गुपचूप ते माझ्या बॅगेत टॉवेलात गुंडाळून ठेवलं.

मी पुण्यात आरोग्याच्या आकडेवारीचं काम करते. गावोगावच्या उपकेंद्रांतल्या नर्सबाया जे भरतात ते आमच्याकडे येतं, आम्ही त्याच्या याद्या करतो, आणि त्या याद्या पाहून वरची मंडळी ठरवतात की कुठं डॉक्टर द्यायचा, कुठं रुग्णवाहिका, कुठं नुसतीच नोटीस. यंदा यादी होती बाळांच्या वजनाची. जन्मताना अडीच किलोच्या आत भरलं तर ते बाळ कमी वजनाचं. ज्या उपकेंद्रात अशी बाळं जास्त, त्याचं काम वाईट. सोपा हिशेब. यादी मीच बनवली होती, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी कुणाला नावं ठेवली तर मला विसरू नका.

वाशिम जिल्ह्याच्या यादीत तळाला मानोऱ्याच्या पुढचा एक तांडा (बंजारा वस्ती) होता. तिथल्या सिस्टरचं नाव करुणा. कंत्राटी नोकरी, मुदत मार्चअखेर संपणारी. तिला नोटीस गेली होती: कामगिरी असमाधानकारक, कंत्राट पुढे का चालू ठेवावं याचा खुलासा करा. यादीवर माझी शेवटची सही झाली की तिचं कंत्राट संपलं.

सहीला पेन उघडलं आणि सवयीनं मूळ आकडे चाळले. सगळ्या उपकेंद्रांत बाळांची वजनं अडीच, अडीच, तीन, अडीच, अडीच. आणि या एका बाईची? एक किलो नऊशे दहा. दोन किलो तीनशे साठ. दोन किलो आठशे पंच्याऐंशी. अरे! बाकीच्या गावांत काय साच्यातून पोरं काढतात का? खरं वजन असं वेडंवाकडंच असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते मी, आणि दोर माझ्याच हातात.

पेन बंद केलं. वरिष्ठांना म्हटलं, मी जाऊन बघणार. ते म्हणाले, "बाई, निवृत्तीला वर्ष राहिलंय. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजता?" मी म्हटलं, "भाजते. तुम्ही फक्त रजा नाही, दौरा मंजूर करा." चार दिवसांचा मंजूर झाला.

सकाळी वाशिमला उतरले तेव्हा मार्चचा दुसरा आठवडा चालू होता आणि सात वाजताच उन्हाला धार होती. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. सोबत तळलेली हिरवी मिरची मीठ लावून देतात, ती मी पुणेरी आगाऊपणानं अख्खी चावली आणि दहा मिनिटं डोळ्यांतून पाणी काढत बसले. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पानी नका पिऊ बाई, आनखी लागन. बोंडा खा." ऐकलं, आणि उतार पडला.

मानोऱ्याची बस मंगरूळपीरवरून जाते. चढताना बॅग वर ठेवायला कंडक्टरकडे दिली तर ती त्याच्या हातून निसटून थेट त्याच्या पायावर. दोन किलोचं लोखंड! बिचारा एका पायावर नाचला.

"अवं बाई, गोटे भरले का याच्यात?"

"माफ करा हो. वजनाचं माप आहे. दोन किलोचं."

"मापं घेऊन कायले फिरून राह्यल्या?"

"लहान लेकरांचे काटे तपासायचेत."

त्याचा चेहराच बदलला. "लेकराले तोलू नाई बाई. नजर लागते. माह्या मायनं मले कधी तोलू देल्लं नाई, पाहा कसा झालो." माणूस चांगला सव्वाशे किलोचा असेल. मी तिकिटाचे पैसे पुढं केले. पण ते डोक्यात राहिलं. या मुलखात लेकरू काट्यावर ठेवणं चांगलं मानत नाहीत, आणि माझ्या यादीत मात्र झाडून सगळ्या लेकरांची वजनं होती.

मंगरूळपीर सोडलं की रस्त्याला टेकड्या लागतात. सागाची पानं गळून खाली करकरीत पडलेली, आणि मधेच पळस असा पेटलेला की खिडकीतली सगळी माणसं माना वळवतात, रोज बघणारीसुद्धा. शेतात हरभऱ्याचे ढीग, गव्हाची कापणी चालू. होळी आठवड्यावर आली होती. ऊसतोडीला गेलेली माणसं परतत होती, एका ट्रॅक्टरवर खाटा, भांडी, शेळी आणि वर बसलेल्या बाया, सगळं हलत-डुलत चाललं होतं.

वाटेत एका गावी मुद्दाम उतरले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्याकडे नाव कळलं की आधी नोटीस निघते. तिथलं उपकेंद्र माझ्या यादीत अगदी वर होतं. सिस्टर पन्नाशीच्या, मायाळू, आल्या आल्या चहा टाकला. मी म्हटलं, बाळांचा काटा दाखवा. त्यांनी कपाटावरून खोकं काढलं. काटा नवाकोरा, त्याच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

रजिस्टर उघडलं. अडीच, अडीच, अडीच, तीन, अडीच. मी विचारलं, "हा मधेच तीन कसा?"

"थे मोठ्या घरचं हाय. त्याईच्या नातवाले अडीच लिहिलं तं बरं नाई दिसत."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "मॅडम, लोक तोलू देत नाईत. अन एखाद्यानं देल्लं अन कमी भरलं, तं मीटिंगमधी सगळ्याईसमोर उभं करतात. तुयाच गावात काहून कमी, तुयं लक्ष नाई काय. अडीच लिहिलं तं कोनी काई विचारत नाई. आता तुमीच सांगा, काय लिहू?"

सभेत उभं करणारी माणसं कुठला कागद हातात धरून उभं करतात? माझा. मी चहाचा कप खाली ठेवला, तो अर्धा तसाच राहिला. त्यांना एवढंच सांगितलं की काट्यावरचं प्लास्टिक तरी काढा. त्या म्हणाल्या, काढते.

दुपारी मानोऱ्यात तालुका आरोग्य कार्यालयातले एक साहेब भेटले. चांगले होते बोलायला. पंखा माझ्याकडे वळवला, थंड पाणी दिलं, आणि आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, त्या सिस्टरची नोकरी आम्हालाही घालवायची नाही. मुलगी कामाची आहे. तुम्ही फक्त समजावून सांगा. जुन्या नोंदी जरा सुधारून घ्या म्हणावं. नजरचुकीनं कमी लिहिलं, काटा बिघडलेला होता, काहीही. एका दिवसाचं काम आहे. मग तुम्ही सही करा, ती वाचली, जिल्हाही वर आला."

"आणि काटा बिघडलेला नसेल तर?"

"आता ते काय..." साहेब म्हणाले आणि फोन घेतला. फोन वाजला नव्हता.

मानोऱ्याहून तांड्यावर जायला काळीपिवळी जीप मिळाली. दहा माणसांच्या जागेत सतरा, आणि माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी. उतरले तेव्हा साडेचार वाजले होते. शंभरेक घरं, मधे देवीचं पांढरं देऊळ, देवळाच्या ओट्यावर डफड्याच्या तालावर लेंगी (होळीची बंजारा गाणी) घोळवणारी पुरुषमंडळी. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड. करुणा सिस्टर स्कूटीवरून औषधाचा डबा उतरवत होती. वय बत्तीस-तेहतीस, सडपातळ, तेल लावून घट्ट बांधलेले केस. मला पाहिलं आणि नमस्कार न करता विचारलं, "नोटीसवाल्या तुमीच काय?"

"मीच," मी म्हटलं.

"बरं झालं आल्या. माहा सात पानाचा खुलासा कोनी वाचला नाई. आता तोंडी सांगतो." आणि मग आठवल्यासारखी म्हणाली, "पानी घ्या आधी."

पाणी प्यायले आणि बॅगेतून माप काढलं. तिनं काटा पुढं सरकवला, मांडीवर हात ठेवून बसली. माप ठेवलं. आकडा आला एक किलो नऊशे पंच्याण्णव.

"पाच ग्रॅम कमी दाखवतो," मी म्हटलं, जरा विजयी आवाजात.

"माहीत हाय. मी पाच मिळवतो." तिनं भिंतीवरचा कागद दाखवला. दर सोमवारची तारीख आणि समोर काट्याचा फरक. "खालच्या गावात दुकानदार हाय, त्याचं माप आनतो अन पाह्यतो. कधी पाच, कधी पाच. सहा कधी नाई झाला."

इतकी वर्षं झाली, पण स्वतःचा काटा दर सोमवारी तपासणारं माणूस मी आमच्या कार्यालयातसुद्धा पाहिलेलं नाही. मी ते माप मुकाट्यानं टॉवेलात गुंडाळलं.

साहेबांचा निरोप तिला सांगायचा की नाही, असा विचार करत होते. सांगितला. नोंदी सुधार, नोकरी वाचेल.

ती उठली, दार लोटून घेतलं. "मॅडम, आमी रोज सकाळी पंचशील म्हनतो. आजोबानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या अनसिंगच्या घरी एक दिवस चुकला नाई. चौथं शील हाय, खोटं बोलनार नाई. थे सकाळी म्हनाचं अन दुपारी अडीच लिहाचं? असं कसं जमन?"

"सगळेच लिहितात," मी म्हटलं. मला तिला डिवचायचं होतं, ऐकायचं होतं.

"मी बी लिहिलं हाय एक डाव." ती खाली बसली. "पयल्याच वर्षी. दुसऱ्या गावात होती. लेकरू दिसतच होतं बारीक, दीड-पावनेदोन असन. आजी म्हने तोलू नको, मी बी म्हनलं जाऊ दे, अन लिहिलं अडीच. आता अडीचच्या लेकरासाठी गाडी येते काय? नाई येत. अठराशेच्या खाली असलं तं वाशिमच्या मोठ्या दवाखान्यात न्याचं असते. त्याले कोनी नेलं नाई. नवव्या दिवशी गेलं. अन कागदावर काय? वजन चांगलं, तब्येत चांगली. मरनाचं कारन, इतर. थो कागद असन अजून तुमच्याकडे, मॅडम. त्याच्यावर माही सही हाय. दुसरा असा कागद मी करनार नाई. नोकरी जाते तं जाऊ द्या."

रडली नाही. रागावली होती, आणि तो राग इतक्या वर्षांनी ताजा होता. मला स्वतःचीच लाज वाटली, कारण तो कागद खरोखर आमच्याकडे आहे आणि मीच तो कुठल्यातरी बेरजेत घेतला असणार.

"पण मग इथं लोक तोलू कसे देतात?" मी विचारलं. कंडक्टरचं बोलणं आठवत होतं.

"थे सक्रीबाईले विचारा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

सक्रीबाई म्हणजे तांड्यातल्या सगळ्यांची याडी (आई). सत्तरीच्या पुढची, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, आवाज असा की देवळापासून वेशीपर्यंत जावा. तिनं मला आपल्या ओट्यावर बसवलं, बाटी (ज्वारीची भाकर) आणि लाल मिरचीचा ठेचा पुढं केला, आणि गोष्ट सांगितली. तिच्या सुनेची दोन लेकरं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला म्हातारीनं नवस बोलला, हे जगलं तर याच्या वजनाइतका गूळ देवीपुढं वाटीन.

"झालं, जगलं. अन ही सिस्टर," सक्रीबाईनं करुणाकडे बोट केलं, "लगेच म्हने, याडी, मंग तोला तं लागनच! देवीले काय अंदाजानं गूळ देतं? मले धरलंच न तिनं! देवीचं माप चुकवलं तं पाप लागते, म्हनून ठेवलं बापा लेकरू काट्यावर. काई नजर-बिजर लागली नाई. आता आठ वर्साचा हाय, दिवसभर झाडावर असते."

तेव्हापासून त्या तांड्यावर रीतच पडली. लेकरू झालं की सिस्टर वजन सांगते, बाप तो आकडा तोंडात घोळवत खालच्या गावच्या दुकानात पळतो, बरोबर तेवढाच गूळ आणतो, आणि तो देवीपुढं ठेवून घरोघर वाटला जातो. मुलगा असो, मुलगी असो. नजर लागू नये म्हणून जे तोलत नव्हते, ते आता न तोललं तर देवी रागवेल म्हणून तोलून घेतात. मी तेहतीस वर्षांत असली युक्ती कुठल्या प्रशिक्षणात ऐकली नाही.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे प्रत्येक बाळाचं वजन अख्ख्या तांड्यानं खाल्लंय की! दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजिस्टर पदराखाली झाकून देवळाच्या ओट्यावर बसले. पाण्याला जाणाऱ्या, शेतावरून येणाऱ्या बायांना बोलावून एकच प्रश्न विचारत गेले. तुझ्या लेकराचा गूळ किती होता?

"दोन किलो तीनशे साठ." रजिस्टरात दोन किलो तीनशे साठ.

"एक नऊशे दहा. बारीक होता माहा, आता पाहा." बरोबर.

"पावनेतीनले पंधरा कमी." दोन किलो सातशे पस्तीस. बरोबर!

जन्मतारखा चुकत होत्या, वार चुकत होते, गुळाचा आकडा कुणाचा चुकत नव्हता. दुपारपर्यंत एकच नोंद जुळली नाही. रजिस्टरात एक किलो नऊशे ऐंशी, आणि बाप छाती काढून सांगतोय, दोन किलो शंभर. मी करुणाकडे पाहिलं. ती काही बोलायच्या आत मागून चार बायांनी एकदम कल्ला केला. "झूट बोलते थो! पोट्टा झाला म्हनून ऐटीत गूळ जास्ती आनला! सगळ्या तांड्याले मालूम हाय!" बाप कान खाजवत निघून गेला. अख्ख्या तांड्यात खोटा आकडा तेवढा एक, आणि तोही कागदावर नव्हता.

संध्याकाळी करुणानं मला एका घरी नेलं. कविता नावाची मुलगी, वीस-एकवीस वर्षांची, भिंतीला टेकून बसलेली, आणि तिच्या छातीशी पदरानं बांधलेलं एक बोचकं. बोचक्यातून फक्त टोपडं दिसत होतं. बारा दिवसांची लेक. जन्माला आली तेव्हा एक किलो सातशे चाळीस.

"सतराशे चाळीस लिहिलं म्हनून अर्ध्या घंट्यात गाडी आली," करुणा म्हणाली. "आठ दिवस वाशिमले काचेच्या पेटीत होती. आता असंच कातडीले कातडी लावून उबीत ठेवाचं. ही थकली की आजी ठेवते, आजी थकली की बाप."

"बापानं ठेवली?" मी विचारलं.

कविता लाजून हसली. "त्याले लय घाम येते, म्हने मीच चांगली ऊब देतो."

तिनं पोर सोडवून माझ्या हातात दिली. मी दोन मुलं वाढवली, तीन नातवंडं खेळवली. पण हे काही वेगळंच होतं. हातात काही आलंय असं वाटेचना, नुसती ऊब आणि एक बारीकसा श्वास. मी हजारो वेळा 'कमी वजनाची बाळं' असं लिहिलंय. कधी उचललं नव्हतं, बाई! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि मी तेहतीस वर्षं हाकत होते. माझे डोळे भरून आले, तसं करुणानं पोर पटकन काढून घेतली. "रडू नका, थंड पानी पडन तिच्या अंगावर," ती म्हणाली.

त्या रात्री सक्रीबाईनं रोडगे (शेणीच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी केली होती. तीन रोडगे खाल्ले आणि चौथा नको म्हणता म्हणता ताटात पडला.

सकाळी निघताना खालच्या गावातल्या त्या दुकानात थांबले. म्हातारे दुकानदार, नाकावर चष्मा, पुढं गुळाची मोठी ढेप. मी म्हटलं, "काका, एक किलो सातशे चाळीस ग्रॅम गूळ द्या."

त्यांचा हात तिथंच थांबला. चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "हे तं तांड्यावरच्या कविताच्या पोट्टीचं वजन हाय. बारा-तेरा दिवस झाले, तिचा बाप नेऊन राह्यला होता." मग आवाज एकदम खाली आला. "काहून बाई? गेली काय पोट्टी?"

"नाही, नाही! छान आहे. वाशिमहून येऊन चार-पाच दिवस झाले. मीच हातात घेतली काल."

"मंग दुसऱ्यांदा कायले पायजे?"

"पुण्याला न्यायचाय. तिथल्या साहेबांना दाखवायचाय, पोरीचं वजन किती असतं ते."

काकांनी ढेपेतून खडा फोडला, काट्यावर ठेवला, जास्त झाला, सुरीनं कड तासली, परत ठेवला, एक बारीक खडा वर टाकला. आकडा थांबेपर्यंत श्वास धरून बसले होते. मग स्वच्छ पांढऱ्या फडक्यात बांधून दोन्ही हातांनी दिला. मी पण दोन्ही हातांनी घेतला. परतीच्या बसमध्ये कंडक्टर तोच होता. बॅग मी त्याच्याकडे दिली नाही, मांडीवर ठेवली.

पुण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी बैठक होती. वरिष्ठ, आणखी चार अधिकारी, भिंतीवर माझ्याच यादीचा रंगीत तक्ता. वाशिमच्या पुढं एक लाल ठिपका. वरिष्ठांनी विचारलं, "झाली पडताळणी? सिस्टरनं नोंदी दुरुस्त केल्या ना?"

"नाही केल्या," मी म्हटलं. "आणि मी करू दिल्या नसत्या."

मग मी फडकं टेबलावर ठेवलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं. "हे जरा हातात घ्या."

"काय आहे?"

"हातात तर घ्या."

त्यांनी घेतलं. दुसऱ्या हाताची गरजच पडली नाही. मी सांगितलं की तुमच्या हातात कविताची मुलगी आहे. जन्माला आली तेव्हाचं वजन. हे खरं लिहिलं म्हणून गाडी आली आणि ती जगली. हे खरं लिहिलं म्हणून तिच्या सिस्टरची नोकरी जायला निघालीय. बाकीच्या गावांत हीच पोर अडीच किलोची लिहिली असती, आपला तक्ता हिरवा झाला असता, आणि पोर मेली असती. मग मीच ते मरण 'इतर' मध्ये मिळवलं असतं.

फडकं हातोहात फिरत गेलं. एक तरुण अधिकारी बाई हळूच म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढीच," मी म्हटलं.

वरिष्ठ म्हणाले, "बाई, तुमचं पटतंय. पण सगळ्यांनी खरं लिहिलं तर अख्ख्या जिल्ह्याचा आकडा बिघडेल."

"बिघडू दे की! बिघडलेलाच आहे तो, आपण पावडर लावून बसलोय. खरं कळलं तर तिथं आणखी पेट्या देता येतील, गाड्या देता येतील. खोट्यावर काय देणार, शाबासकी?" माझा आवाज चढला होता, दारातला शिपाई आत डोकावला. "माझ्या सहीशिवाय ही यादी वर जात नाही. मी सही करणार नाही. कारण लिहून आणलंय: यादी चुकीची आहे, आणि ती मी बनवली आहे."

कागद ठेवला. गूळ परत घेतला, तिथंच फोडला आणि प्रत्येकाच्या हातावर खडा ठेवला. वरिष्ठांनी पण खाल्ला. आता उद्या कुणी म्हणालं की असं वजन नसतंच, तर तोंडात चव आहे त्यांच्या.

पुढं काय झालं? यादी अडकली ती अडकलीच. मला कागद आला, यादीस विलंब केल्याबद्दल खुलासा करा. नोकरीतली माझी पहिली नोटीस. नवरा घाबरला, मी ती काच लावून भिंतीवर टांगू का म्हणून विचारलं. खुलासा एका ओळीचा दिला: काटा बरोबर आहे, यादी चूक आहे. एका चार दिवसांच्या प्रवासानं मला इतकंच शिकवलं, आणि तेवढ्यासाठी तेहतीस वर्षं लागली याचा राग अजून जात नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दुपारी फोन वाजला. करुणा होती.

"मॅडम, ऑर्डर आली. अकरा महिन्याची."

मी खुर्चीतून उठलेच. "अगं, अभिनंदन! आधी का नाही सांगितलंस?"

"आत्ताच आली. पन त्याच्यासाठी नाई केला फोन," ती म्हणाली. तिच्या मागं पोर रडण्याचा खणखणीत आवाज येत होता. "पोट्टी तोलली आज. दोन किलो दहा ग्रॅम. पाच मिळवून."

किराणावाल्याचं ते लोखंडी माप अजून माझ्या टेबलावरच आहे, परत करायचं राहूनच गेलं. फोन ठेवला आणि ते एका हातानं उचलून पाहिलं. कविताची लेक आता त्याच्याहून दहा ग्रॅमनं जड आहे.